कलर कोड बरोबर, तरी सीट वेगळी का दिसते?

जुन्या स्पोर्ट्स कार रिस्टोर करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलाय, की कंपनीचा कलर कोड हातात आला की सीटचं काम झालं, आता कोड लेदरवाल्याला द्यायचा, कव्हरं शिवून घ्यायची आणि चढवायची. कव्हरं येतात, वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली जुन्या डोअर पॅनेलला तंतोतंत जुळतात, सगळे खूश. मग गाडी उन्हात काढली की लाल सीट विटकरी दिसायला लागते आणि लेदरवाल्याचा उद्धार सुरू होतो. त्या बिचाऱ्याने बहुतेक वेळा काहीच फसवलेलं नसतं. दोन्ही रंग ट्यूबलाइटखाली खरंच सारखे होते आणि उन्हात खरंच वेगळे आहेत. हे दोन्ही एकदम खरं कसं, हे माझं अत्यंत आवडतं प्रकरण आहे, त्यामुळे शिवण, पायपिंग, फोम वगैरेवर मी आज काही बोलणार नाही.

आधी लेदरचं थोडक्यात. कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा गुंता. कच्चं ठेवलं तर सडतं, म्हणून ते कमावतात, आणि क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं चक्क फिकट निळं निघतं. म्हणजे लाल, बिस्किट, काळा, जो काही रंग आपण बघतो तो सगळा नंतर चढवलेला असतो: थोडा तंतूंमध्ये मुरलेला डाय, आणि त्यावर बहुतेक वेळा रंगद्रव्याचा, म्हणजे पिगमेंटचा, पातळ थर. आता अडचण बघा. जग्वार, अ‍ॅस्टन मार्टिन अशा गाड्यांना लेदर देणारी कॉनोली ही १८७८ पासूनची ब्रिटिश कंपनी, तिची टॅनरी, म्हणजे कातडं कमावायचा कारखाना, २००२ मध्ये बंद पडली. १९६१ च्या जग्वार ई-टाइपसाठी आज ‘ओरिजिनल शेड’ म्हणून जे मिळतं ते दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या रंगद्रव्यांनी, त्या शेडसारखं दिसेल असं केलेलं असतं. रंगद्रव्यंही तीच वापरता येतील असं नाही, कारण पूर्वी पिवळ्या-नारिंगी छटांसाठी सर्रास वापरली जाणारी लेड क्रोमेट कुळातली रंगद्रव्यं शिशामुळे विषारी आहेत आणि त्यांच्या जागी आता बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यं आलीत. शिवाय त्या काळच्या कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये फक्त बसायच्या भागाला लेदर असायचं, बाजूला आणि मागे व्हिनाइल, म्हणजे लेदरसारखं दिसणारं प्लास्टिक. म्हणजे फॅक्टरीतसुद्धा दोन वेगळ्या मालांचा रंग जुळवायची कसरत होतीच.

आता मुख्य गोष्ट. एखादा पृष्ठभाग कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत फेकतो याचा आलेख काढला तर ती त्या पृष्ठभागाची खरी ओळख. दृश्य प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर, त्यात तो आलेख कसाही वरखाली होऊ शकतो. पण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या, सर्वात जास्त संवेदनशील साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला, आणि प्रत्येक प्रकार आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या प्रकाशाची एकच बेरीज मेंदूकडे पाठवतो. अख्खा आलेख गेला, हातात उरले तीन आकडे. मार्कशीटवर फक्त एकूण गुण छापले तर कोणाला गणितात किती आणि भाषेत किती हे कळत नाही, वेगवेगळ्या विषयांत हुशार असलेल्या दोन मुलांचं टोटल सारखंच येऊ शकतं, तसंच हे. दोन अगदी वेगळे आलेख तेच तीन आकडे देऊ शकतात, आणि अशा जोडीला मेटामेरिक जोडी म्हणतात.

आणि प्रकाश बदलणं म्हणजे प्रत्येक विषयाचं वेटेज बदलणं. उन्हात सगळ्या तरंगलांब्या बऱ्यापैकी असतात. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तांबड्याचा भरणा आणि निळ्याचा दुष्काळ. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेघा डोकं वर काढून बसलेल्या असतात, पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळं टोक आणि गडद तांबडा बऱ्याचदा कमी. त्यामुळे एका प्रकाशात सारखी आलेली टोटल दुसऱ्यात फुटते. लाल आणि मरून सीटवाले जास्त रडतात त्याचं एक कारण हेच, त्यांचा सगळा खेळ तांबड्या टोकाला, आणि वर्कशॉपचे दिवे नेमके तिथेच कंजूष.

तुमचे तीन आकडे आणि माझे तीन आकडे तरी सारखे असतात का? तेही नाही. रंगमापनाचा १९३१ चा आंतरराष्ट्रीय ‘स्टँडर्ड निरीक्षक’, म्हणजे सरासरी डोळ्याचा नमुना, ठरला तो इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी केलेल्या प्रयोगांवर, आणि दोघांचे निरीक्षक मिळून माणसं होती १७. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं, निळा कमी पोचतो. तेव्हा गाडीचे वयस्कर मालक ‘जुळत नाही’ म्हणत असतील आणि तरुण कारागीर ‘जुळतंय की’ म्हणत असेल तर दोघंही प्रामाणिक असू शकतात.

थोडं गणित करू, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा. रंगद्रव्यं मिसळली की परावर्तनाची, म्हणजे परत फेकलेल्या प्रकाशाच्या प्रमाणाची, सरळ बेरीज होत नाही. कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये एक सूत्र दिलं: परावर्तन ‘आर’ धरा, एकमधून आर वजा करा, त्याचा वर्ग करा आणि आरच्या दुपटीने भागा. जे येतं ते शोषण भागिले विखुरणं, आणि बेरीज करायची ती प्रत्येक रंगद्रव्याच्या शोषणाची आणि विखुरण्याची, तीही प्रत्येक तरंगलांबीला वेगळी. आर ०.५० असेल तर उत्तर ०.२५, आर ०.४९ केला तर ०.२६५ च्या जवळ, म्हणजे सहा टक्के वाढ. पण गडद रंगात आर ०.०५ वरून ०.०४ वर आणायचा तर गुणोत्तर ९.० वरून ११.५ वर जातं, म्हणजे जवळपास २८ टक्के जास्त शोषण पाहिजे. म्हणून गडद हिरवा किंवा ऑक्सब्लड (काळपट लाल) ‘अजून जरासा डार्क’ करताना कारागीर चमच्याने रंग ओतत राहतो आणि काही होत नाही असं वाटतं. परावर्तनाचा आलेख काढणारं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, तो ४०० ते ७०० मध्ये दर १० नॅनोमीटरला मोजतो, एकूण ३१ ठिकाणी. खरी मॅच म्हणजे ३१ ठिकाणी जुळलेला आलेख. तीन आकडे जुळणं ही फार स्वस्तातली मॅच आहे.

यावरून मोबाइलच्या ‘फोटो काढा, परफेक्ट शेड मिळवा’ छाप ॲपबद्दल काय म्हणायचं ते ओळखा. फोनचा कॅमेराही तीनच आकडे देतो, तेसुद्धा आपल्या डोळ्यापेक्षा वेगळ्या संवेदनशीलतेचे, वर स्वतःच्या मनाने व्हाइट बॅलन्स करून, आणि त्यावर एआयचं लेबल चिकटवलं तरी गेलेला आलेख परत येत नाही. त्याच जातीचा दुसरा समज म्हणजे लेदर जिवंत असतं, त्याला श्वास लागतो, तेल पाजलं की जुना रंग परत येतो. कातडं कमावलं तेव्हाच त्याचा जिवंतपणा संपला हो! तेलाने पृष्ठभाग ओलसर आणि गडद दिसतो एवढंच, तुटलेला डायचा रेणू जोडला जात नाही.

तो रेणू तोडतो सूर्यप्रकाश, मुख्यतः त्यातला अतिनील भाग. पुढची काच दोन थरांची असल्याने बरंच अतिनील अडवते, बाजूची साधी काच त्यातला बराच भाग आत सोडते, आणि छत उघडी स्पोर्ट्स कार असेल तर आनंदच. त्यामुळे एकाच सीटवर तीन-चार शेड सापडतात. नमुना घ्यायचा तो सीटच्या खाली दुमडून पिना मारलेल्या कडेचा, तिथे ऊन आणि हाताचा मळ पोचलेला नसतो. पण सगळं इंटिरियर बदलणार असाल तरच त्या नमुन्याला जुळवा. फक्त चढता-उतरताना घासून फाटलेला ड्रायव्हरच्या बाजूचा पॅनेल बदलायचा असेल तर मूळ शेडमधला नवा तुकडा फिक्या सीटवर ठिगळासारखा उठून दिसेल.

मग करायचं काय? नमुना आणि नवं लेदर एकमेकांना चिकटून ठेवायचं, उन्हात, ट्यूबलाइटखाली, पिवळ्या बल्बखाली आणि एलईडीखाली बघायचं, तेही तिरकं करून, कारण चकाकी वेगळी असली तरी रंग वेगळा वाटतो. सगळी कातडी एकाच बॅचची मागायची. आणि एक-दोनच पॅनेल बदलत असाल तर मला सर्वात पटणारा उपाय म्हणजे नवा पॅनेल शिवून झाला की जुन्या-नव्या सगळ्या लेदरवर एकाच डब्यातला पिगमेंट फिनिश मारायचा. सगळीकडे तेच रंगद्रव्य, तोच आलेख, त्यामुळे दिवा कुठलाही लावा, फुटायला मेटामेरिक जोडीच उरत नाही. डायच्या खोलीचा जुना लुक मात्र त्या थराखाली जातो आणि ओरिजिनॅलिटीवाले कलेक्टर नाकं मुरडतात, त्यांच्यासाठी मग फिकं आणि फाटकंच ठेवलेलं बरं.