पीस लिलीच्या दांड्यावरचा एक मिलिमीटर

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात पीस लिलीची कुंडी हमखास दिसते. तिची पांढरी ‘पाकळी’ म्हणजे खरं तर रूप बदललेलं पान. खरी फुलं मधल्या दांड्यावर खेटून बसलेली असतात, एकेक जेमतेम काही मिलिमीटरचं. ती नीट पाहायला मॅक्रो लेन्ससारखं, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्ससारखं, साधन नाही. १:१ प्रमाणात फुलाचा एक सेंटिमीटर भाग सेन्सरवरही एक सेंटिमीटरच उमटतो.

पण इतक्या जवळ गेलं की फोटोत पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो, ती खोली हातातून निसटते. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १:१ ला अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/८ ठेवलं तर साधारण एक मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट येतो. कॅमेरा हातात धरून उभा असलेला माणूस नुसत्या श्वासानेही तेवढा पुढे-मागे होतो. हात थरथरण्यापेक्षा हे झुलणंच फोटो जास्त बिघडवतं. कॅननने २००९ मध्ये १०० मिमी मॅक्रो लेन्समध्ये कॅमेऱ्याच्या तिरपं होण्याबरोबरच त्याचं आडवं-उभं सरकणंही सावरणारी यंत्रणा आणली. पुढे-मागे होण्यावर मात्र तिचा इलाज चालत नाही.

मग अ‍ॅपर्चर अजून बारीक, म्हणजे एफचा आकडा मोठा, करावा? एफ/१६ ला स्पष्ट थर दुप्पट होतो, पण १:१ ला या अ‍ॅपर्चरचं वागणं एफ/३२ सारखं असतं. सेन्सरवर एफ/८ च्या मानाने चौथा हिस्साच प्रकाश पोचतो आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदू सुमारे ०.०४ मिलिमीटरचा ठिपका होऊन पसरतो. सगळा फोटोच मऊ पडतो. म्हणून मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जात नाही.

खरा उपाय डाव्या हातात आहे. दोन बोटांत फुलाचा देठ हलकेच धरायचा आणि त्याच हातावर लेन्स टेकवायची. आता फूल आणि कॅमेरा एकत्र हलतात, दोघांमधलं अंतर जवळपास कायम राहतं. फोकस मॅन्युअल ठेवून, लेन्स हातावरच किंचित पुढे सरकवत चार-सहा फोटो सलग घ्यायचे. सेन्सर दांड्याला समांतर असेल तर तो पातळ थर दांड्याच्या लांबीवर पडतो आणि फुलांची पूर्ण रांग स्पष्ट मिळते. प्रकाशासाठी फ्लॅश कमी ताकदीवर, पुढे बटर पेपर. अशा फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतो, त्यामुळे उरलीसुरली हालचाल गोठते. पांढरं पान मात्र फोटोत लगेच तपशील हरवून पांढरंफटक होतं, एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा.

कासच्या पठारावर वाऱ्यापुढे काही चालत नाही. घरात पंखा बंद केला, गॅलरीचं दार लावलं की झालं. म्हणूनच हे फूल अनेक दिवस रोज टिपता येतं, आणि टिपावंच. प्रत्येक फुलात आधी स्त्रीकेसराचं टोक परागकण घ्यायला तयार होतं; त्याच फुलाचे पुंकेसर नंतर फुटून पांढरी भुकटी सोडतात. रोज त्याच कोनातून घेतलेले फोटो ओळीने लावले की दांड्यावर हा बदल कुठून कुठे सरकत गेला ते दिसतं.