ग्लो इंजिनाचं इंधन युरोपात: १६ टक्क्यांची मर्यादा, परवाना आणि लागणारे कागद

पुण्या-नाशिकहून जर्मनी, नेदरलँड्स किंवा आयर्लंडला गेलेल्या आरसीवाल्यांना (रेडिओ कंट्रोलवर मॉडेल चालवणाऱ्यांना) तिथे पहिला अडथळा येतो तो इंधनाच्या कॅनचा. ग्लो इंजिनाचं, म्हणजे मॉडेलमधल्या छोट्या इंजिनाचं, इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, वंगणासाठी एरंडेल किंवा सिंथेटिक तेल आणि जोर व स्थिर आयडल (मंद गतीवरची चाल) मिळावा म्हणून थोडं नायट्रोमिथेन. युरोपीय संघातल्या निर्बंधाचा रोख आहे या नायट्रोवर, कारण त्याचा उपयोग स्फोटकं बनवायलाही होऊ शकतो.

सध्याचा कायदा म्हणजे नियमन २०१९/११४८. तो १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. आधीच्या ९८/२०१३ या नियमनात नायट्रोमिथेनची मर्यादा वजनाने ३० टक्के होती, आता ती १६ टक्के आहे. याहून जास्त नायट्रो असलेलं इंधन सर्वसामान्य व्यक्तीला विकणं तर बंद आहेच, पण तिने ते बाळगणं, वापरणं किंवा बाहेरून मागवणं हेही बंद. जुन्या नियमांत घेतलेला साठा संपवायला २ फेब्रुवारी २०२२ पर्यंत मुदत होती. म्हणजे माळ्यावर राहिलेला जुना ३० टक्क्यांचा कॅन आज बेकायदेशीर आहे.

कॅनवरचा आकडा आणि कायद्यातला आकडा

बहुतेकांची गफलत होते ती इथे. कायदा वजनाची टक्केवारी मोजतो. इंधनाच्या कॅनवर मात्र बहुधा आकारमानाची टक्केवारी छापलेली असते. नायट्रोमिथेनची घनता सुमारे १.१४ आणि मिथेनॉलची ०.७९, त्यामुळे तोच नायट्रो वजनात जास्त भरतो. समजा इंधनात १८ टक्के एरंडेल आहे. मग कॅनवरचा १५ टक्के नायट्रो वजनाने साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मर्यादेबाहेर! कॅनवरचा १२ टक्के जेमतेम आत बसतो, वजनाने पावणेसोळाच्या जरा वर. १० टक्क्यांचा कॅन निर्धास्त घ्यावा.

खात्री करायची तर विक्रेत्याकडून सेफ्टी डेटा शीट मागा. तिच्या तिसऱ्या भागात घटक आणि त्यांचं प्रमाण असतं. तिथे नायट्रोमिथेनचा कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) ७५-५२-५ शोधा. कधीकधी नेमका आकडा न देता ‘१० ते २०’ असा पट्टा दिलेला असतो. तेव्हा उत्पादकाला ईमेल करून वजनाचा आकडा लेखी घ्या.

परवाना कोणाला मिळतो

१६ टक्क्यांहून जास्त नायट्रो हवा असेल तर आधी हे बघा की तुमच्या देशात त्याचा परवाना देतात का. परवानापद्धत ठेवायची की सरसकट बंदी, हे नियमनाने प्रत्येक देशावर सोडलं आहे. जर्मनीत खासगी व्यक्तीला असा परवाना मिळतच नाही. तिथे राहत असाल तर पुढचा भाग सोडून थेट कमी नायट्रोकडे वळा.

जिथे परवाना आहे तिथे नायट्रोमिथेनसाठी वरची मर्यादा थेट १०० टक्के आहे. मात्र अर्ज तपासताना अधिकाऱ्याने काही गोष्टी पाहायच्या असतात: खरी गरज आणि कायदेशीर वापर, कमी प्रमाणाच्या किंवा पर्यायी पदार्थाने काम भागतं का, अर्जदाराची पार्श्वभूमी (संघात कुठेही झालेली शिक्षा धरून) आणि साठवण सुरक्षित आहे का. माझ्या मते साधं स्पोर्ट विमान उडवणाऱ्याचा अर्ज ‘कमी प्रमाणाने भागतं का’ याच मुद्द्यावर अडतो, कारण त्याचं इंजिन १० टक्क्यांवर व्यवस्थित चालतं. एफ२ए या मॉडेल विमानांच्या वेगाच्या स्पर्धेतलं प्रमाणित इंधन तर ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, नायट्रो शून्य. हे अधिकाऱ्याला ठाऊक असेल तर ‘नायट्रोशिवाय वेग नाही’ ही सबब टिकायची नाही.

क्लबच्या नावाने कॅन घ्यावा असाही विचार मनात येतो. पण व्यवसाय-धंद्याशी संबंध नसलेली संस्था, नोंदणीकृत असली तरी, या कायद्यात सर्वसामान्य व्यक्तीच धरली जाते.

कागदपत्रं

अर्जाचा नमुना देशागणिक वेगळा, पण वरचे मुद्दे सिद्ध करणारे कागद हाताशी ठेवा. ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागणारच. गरजेसाठी इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतलं इंधनाचं पान, क्लबचं सदस्यत्व, स्पर्धेत उतरत असाल तर त्याची नोंद. वर्षाला किती लिटर आणि किती टक्के, हे हिशेबासकट लिहा. ‘अंदाजे’ लिहून भागत नाही. साठवणीसाठी कुलूपबंद जागेचं वर्णन आणि फोटो. भारतीय पासपोर्ट असणाऱ्याकडे पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं तर ते भारतीय दूतावासामार्फत काढता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून स्पर्धेच्या तोंडावर अर्ज करू नका.

परवाना एका खरेदीपुरता किंवा अनेक खरेदींसाठी असतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. शुल्क घेता येतं, पण अर्ज तपासण्याच्या खर्चापेक्षा जास्त नाही. परवान्यावर पदार्थ, कमाल प्रमाण, मात्रा आणि वापर लिहिलेला असतो. दुकानदार दर वेळी परवाना आणि ओळखपत्र बघतो आणि घेतलेली मात्रा परवान्यावर नोंदवतो. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. तो मानायचा की नाही हे त्या त्या देशाने ठरवायचं. साठ्यातून मोठं प्रमाण गायब झालं किंवा चोरी झाली तर लक्षात आल्यापासून २४ तासांत कळवणं परवानाधारकावरही बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये हाच प्रकार १९७२ च्या पॉयझन्स ॲक्टखाली येतो आणि परवाना गृहखातं देतं.

परवान्याशिवाय

टू-स्ट्रोकला ५ ते १० टक्के पुरतात. नायट्रो कमी केलात की नीडल (इंधनाचा प्रवाह ठरवणारी सुई) थोडी आत घ्यावी लागते आणि बहुधा जरा गरम प्रकारचा ग्लो प्लग बसवावा लागतो. फोर-स्ट्रोकचा आयडल मात्र कुरकुरतो. तिथे १० टक्क्यांच्या खाली जाऊ नये असं मला वाटतं. शुद्ध नायट्रो मागवून घरी मिसळण्याचा विचार सोडा, तो शुद्ध कॅनच मुळात निर्बंधात येतो. विंडस्क्रीनच्या पाण्यात मिथेनॉल ०.६ टक्क्यांपेक्षा कमी हवं, हा युरोपातला नियम वेगळा आहे. मॉडेलच्या इंधनाला तो लागत नाही.

सुट्टीत घरी येताना-जाताना इंधन विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इन सामानात, नायट्रो असो वा नसो. इंजिन आणि टाकी रिकामी करून, धुऊन, वाळवून न्या. इंधनाचा वास आला तरी ते सामान अडवलं जाऊ शकतं. आणि महाराष्ट्रात मिथेनॉल विकत घेताना विषकायद्याखालच्या नोंदी लागतात, हे २०१५ च्या मालवणी विषारी दारूकांडानंतर दुकानदार विसरत नाहीत.