आमसूल

रातांब्याची साल त्याच फळाच्या खारवलेल्या रसात भिजवून उन्हात वाळवली की आमसूल तयार होते. कोकणात त्याला कोकम किंवा सोलं म्हणतात, तर गोव्यात फळाला भिरंड म्हणतात. आमटी, कढी आणि माशांच्या कालवणात आंबटपणासाठी ते वापरतात.

रातांबा (गार्सिनिया इंडिका) हा पश्चिम घाटातला सदाहरित वृक्ष आहे. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवून लावलेले रोप फळणारे आहे की नाही, हे पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे बरीच वर्षे, कळत नाही. म्हणून बागेत मुख्यतः मादी झाडाची कलमे लावावीत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाठोपाठ पाऊस येऊन ठेपतो, त्यामुळे कोकमे घालण्याचे काम घाईचे असते. रातांबे धुऊन फोडायचे, साली वेगळ्या करायच्या, आतल्या बिया आणि गरात मीठ घालायचे. गराला रस सुटतो. त्यात साली रात्रभर बुडवायच्या, सकाळी उन्हात पसरायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात टाकायच्या. अशी चार-पाच पुटे बसली की साल काळपट, मऊ आणि चकचकीत होते. आमसुलाचा कस या पुटांवर ठरतो. एकदाच खारवून वाळवलेली साल कडक राहते आणि आमटीत नुसता खारटपणा उतरतो. विकत घेताना बोटांनी दाबून पाहावे. मिठाचा पांढरा थर चढलेले आमसूल घेऊ नये.

आमसुलात मीठ असतेच, म्हणून पदार्थात ते आधी घालावे, चव घ्यावी आणि मगच मीठ टाकावे. सोलकढीसाठी ते कोमट पाण्यात भिजवून कुस्करतात, किंवा रातांब्याचा खारवलेला रस, म्हणजे आगळ, वापरतात. नारळाचे दूध घातल्यावर कढी उकळू नये. आंबटाने ती फुटते. सोलकढीचा गुलाबी रंग सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आमसुलाचा पदार्थ करू किंवा ठेवू नये; स्टीलचे किंवा मातीचे भांडे उत्तम.

बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीत आमसूल हवेच. गूळ घातलेल्या वरणाच्या आमटीतही अनेक घरांत चिंचेऐवजी तेच पडते. उपवासाला चालते, त्यामुळे वरीच्या तांदळाबरोबरच्या दाण्याच्या आमटीत ते असते. श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी वाढतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याची रीतही जुनी आहे.

बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून त्यांचे तेल काढतात. ते थंड झाले की घट्ट होते आणि त्याचे मुटके वळून ठेवतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना हेच भिरंडेल गरम करून लावतात.