लेकराची भूल: सावधगिरीचे नियम कुठून आले

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी पथकं अंगणवाड्यांत, आश्रमशाळांत पोचू लागली. धारणी, कोरची, झरी जामणी अशा तालुक्यांतली मुलं पूर्वी हर्निया किंवा फाटलेला ओठ तसाच अंगावर काढायची. आता त्यातली बरीच ऑपरेशनसाठी नागपूर, सेवाग्राम, सावंगीपर्यंत येतात. तिथे आईचा पहिला प्रश्न सहसा चिरफाडीचा नसतो. "लेकरू उठंन ना, साहेब?" असं ती विचारते. भूल देणारे डॉक्टर मग तिलाच प्रश्न विचारत बसतात. रात्री काय खाल्लं, चालायला कधी लागलं, घरात कोणाला भुलीत काही झालं होतं का? हे प्रश्न पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवातून आले आहेत, आणि त्यातल्या काहींची किंमत मुलांनी जीव देऊन मोजली आहे.

१८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरची वाफ हुंगवून भूल देण्याचा जाहीर प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. भुलीत झालेल्या मृत्यूची ही पहिली ठळक नोंद. लंडनचे भूलतज्ज्ञ जॉन स्नो अशा मृत्यूंच्या मागेच लागले. वाफ किती तीव्र आहे हे मोजल्याशिवाय ती देऊ नये, हा त्यांचा आग्रह. लहान मुलांबद्दलही त्यांनी मोलाचं लिहून ठेवलं. मुलांचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान असतं, म्हणून त्यांना भूल लवकर चढते आणि लवकर उतरते. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हा आजच्या बालभुलीचा पाया तिथे दिसतो.

क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं की हृदय, हा पुढचा वाद आपल्या शेजारी रंगला. हैदराबादेत सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं आणि निजामाच्या पैशानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. त्या काळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख होता, कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांकडे होता. आयोगाचा निष्कर्ष असा की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं, म्हणून नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा. श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण चांगलीच होती, पण निष्कर्ष अर्धवट होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली, अ‍ॅड्रिनलिनच्या जोरावर, हृदयाचा ताल अचानक बिघडू शकतो. भेदरलेल्या, रडणाऱ्या मुलाच्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन भरपूर असतं. मुलाला घट्ट धरून, ओरडू देऊन भूल देण्याची पद्धत केवळ निष्ठुर नव्हती, धोक्याचीही होती.

ईथर तुलनेनं सुरक्षित, पण त्यानं तोंडात आणि श्वासनळीत स्राव साचायचे. त्यावर आधी अ‍ॅट्रोपिन टोचण्याची रीत पडली. नाडी मंदावू नये म्हणूनही ते मुलांना दिलं जाई. पण अ‍ॅट्रोपिन घामही थांबवतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना घाम बंद झालेलं लहान मूल तापतं. तो ताप जंतुसंसर्गाचा समजला जाऊ शकतो. म्हणून आता हे इंजेक्शन सरसकट न देता गरज पाहून देतात, आणि आपल्याकडे त्या निर्णयात उन्हाळाही धरावा लागतो.

१९५० नंतरच्या दशकात औषधं भराभर बदलली. स्नायू सैल करणारं स्कोलिन आलं, १९५६ मध्ये हुंगवून भूल देणारं हॅलोथेन आलं. १९६० मध्ये मेलबर्नमधल्या एका तरुणाची हकीकत छापून आली. त्याचा पाय मोडला होता, पण भीती त्याला भुलीची होती, कारण त्याच्या नात्यातली १० माणसं ईथरखाली दगावली होती. हॅलोथेन देताच तोही तापला, मात्र वाचला. भुलीच्या काही औषधांनी अंग असं तापतं ते स्नायूंच्या आनुवंशिक दोषामुळे. तो घराण्यात चालतो, म्हणूनच नातेवाइकांबद्दलचा तो प्रश्न. त्यावरचं औषध, डँट्रोलिन, १९७० च्या दशकाच्या अखेरीस हाती आलं. १९९० च्या दशकात आणखी एक गोष्ट उघड झाली. ड्यूशेन या स्नायूंच्या आजाराचं निदान न झालेल्या मुलग्यांचं हृदय स्कोलिननंतर बंद पडलं होतं. रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढल्यानं ते घडायचं. उशिरा चालायला लागलेला, पोटऱ्या फुगलेला मुलगा दिसला की डॉक्टर थबकतात ते यासाठी.

स्कोलिनबाबत यवतमाळकडे एक प्रश्न जास्तीचा विचारायला हवा: मूल फवारणीच्या शेतात होतं का? स्कोलिनचा अंमल उतरवणारं रक्तातलं विकर (एन्झाइम) ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांनी दबतं. मग काही मिनिटांचं औषध बराच वेळ टिकतं आणि तोवर मुलाला स्वतःहून श्वास घेता येत नाही. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात माणसं दगावली, ते आपण पाहिलं आहे. कपाशीच्या पट्ट्यात हा प्रश्न छापील अर्जावर असावा, असं माझं ठाम मत आहे.

ग्रामीण दवाखान्याला खरा आधार दिला तो केटामाइन या भुलीच्या इंजेक्शननं. १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते श्वास सहसा थांबवत नाही, रक्तदाब टिकवतं, आणि वीज गेली तरी देता येतं. दुष्परिणाम मात्र आहेतच. लाळ वाढते, आणि ती स्वरयंत्रावर गेली तर घसा आवळला जातो. उलट्या होतात. जागं होताना भयानक स्वप्नं पडतात. त्यावरचे उपाय साधे आहेत: लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेट, थोडंसं मिडाझोलाम हे शांत करणारं औषध, शांत खोली, उशाशी आई. तरी केटामाइन सुरक्षित आहे म्हणून ऑक्सिजन आणि सक्शन (घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र) तयार न ठेवता ते देणं चूकच.

या सगळ्याच्या मुळाशी वजन आहे. मुलांचा डोस किलोवर ठरतो. घाईच्या वेळी वयात ४ मिळवून दुप्पट करायचं, असं एक सूत्र शिकवतात. त्या हिशेबानं ५ वर्षांचं मूल १८ किलोचं. मेळघाटातलं कुपोषित मूल त्याच वयात १२ किलो भरू शकतं, म्हणजे त्याला दीडपट औषध जाईल. शिवाय कुपोषणात रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असतं. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध त्याला चिकटून न राहता मोकळं फिरतं आणि अंमल आणखी वाढतो. नवजात बाळात यकृत आणि मूत्रपिंड कच्ची, त्यामुळे मॉर्फिन हे वेदनाशामक रेंगाळतं. दुसऱ्याच प्रदेशातल्या, पोटभर जेवणाऱ्या मुलांवर बेतलेली सूत्रं इथे अंदाजानं लावू नयेत. ऑपरेशनच्या दिवशी काट्यावर मोजलेलं वजनच कागदावर यावं.

पूर्व विदर्भात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर पडते. नागपूर भागातली या आजाराची नोंद १९५८ इतकी जुनी आहे. ऑक्सिजन घटला, अंग गार पडलं किंवा पाणी कमी पडलं की या मुलांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या मुलांची सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेल ओळखणारी रक्ततपासणी, आधीच व्हायला हवी. उपाशी ठेवण्याचा प्रश्नही त्याला जोडलेला आहे. भुलीत पोटातलं अन्न छातीत जाऊ नये म्हणून घन अन्न आणि वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, नुसतं पाणी २ तास आधी बंद, हा रूढ नियम. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, हे सांगावं लागतं. पण रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, हे नियमात कुठेच बसत नाही. अशा मुलाची साखर उतरते, आणि सुकलेल्या अंगावर भुलीचं औषध गेलं की रक्तदाब कोसळतो. युरोपात तर आता निरोगी मुलांना तासाभरापूर्वीपर्यंत पाणी देतात.

घरी गेल्यावरही औषधाचा धोका संपत नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन हे वेदनाशामक घेतलेली काही मुलं श्वास मंदावून दगावली. त्यांचं यकृत कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्यानं करत होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असं सांगितलं. वजनाप्रमाणे दिलेलं पॅरासिटामॉल आणि ऑपरेशनच्या वेळीच कमरेखाली दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन यांनी बरंच काम भागतं.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. मुलाला भुलीत काही त्रास झाला, तर नोंद तिथे जावीच, पण त्याआधी ती सुट्टीच्या कार्डावर मराठीत यावी: कोणतं औषध, किती, काय झालं. पुढचं ऑपरेशन दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे होणार असतं, आणि आईबापांच्या हातात तेव्हा तेवढंच कार्ड असतं.