शिरोरेषा का तुटली?

घरी जोडलेल्या सीएनसीवर, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर, सागवानाच्या फळीत ‘श्री गणेश प्रसन्न’ कोरायला घेतलं होतं. ‘श्री’ देखणा उतरला, ‘गणेश’ही उतरला. ‘प्रसन्न’ची शिरोरेषा मात्र आधीच्या दोन शब्दांपेक्षा खाली घसरलेली. व्हर्नियर लावून पाहिलं, तर साधारण २.३ मिलिमीटरचा फरक. देवनागरी या बाबतीत फार कडक परीक्षक आहे. तिन्ही शब्द एकाच दोरीला टांगल्यासारखे हवेत, आणि दोरी जरा खाली आली की दारात उभ्या माणसालाही ते दिसतं.

दुसरी फळी लावली, तीच फाइल पुन्हा चालवली. या वेळी ‘गणेश’मध्येच घोळ झाला. तीच फाइल दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी चुकली, म्हणजे दोष फाइलमध्ये नव्हता.

घरगुती सीएनसी ज्यांनी जोडली आहे, त्यातल्या बहुतेकांनी ही फळी कधी ना कधी पाहिली असेल. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. मोटर कमजोर आहे, मोठी घे. ड्रायव्हरचा (मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटचा) करंट वाढव. कोरायचा वेग कमी कर. हे तिन्ही मी करून पाहिलं (मोटर तर विकत आणली) आणि तिन्ही वेळा सागवान वाया गेलं. म्हणून नेमकं काय बिघडतं, हे मुळापासून लिहितो आहे.

यंत्राची रचना सोपी आहे. तीन दिशांना तीन स्टेपर, म्हणजे पायरी-पायरीने फिरणाऱ्या, मोटरी. प्रत्येक मोटर एक आटे असलेला लांब स्क्रू फिरवते आणि त्यावरचा पितळी नट बेडला (ज्यावर फळी बसते) किंवा स्पिंडलला (जो कटर फिरवतो) पुढे-मागे नेतो. माझ्या स्क्रूच्या एका फेऱ्यात नट ४ मिलिमीटर सरकतो. हुकूम देणारा आर्डुइनो, म्हणजे एक छोटा संगणक-बोर्ड, आणि त्यावर ग्रबल नावाची प्रणाली. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूद यांनी ती २००९ मध्ये लिहिली आणि सगळ्यांना मोफत दिली. आज जगभरातल्या हजारो हौशी यंत्रांचा मेंदू तीच आहे.

पण या मेंदूला डोळे नाहीत. तो मोटरला ‘आठशे ठोके पुढे’ असं सांगतो आणि बेड १ मिलिमीटर सरकला असं धरून चालतो. सरकला की नाही, हे पाहायची सोयच नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ मध्ये पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं, तेव्हा त्याला ही सोय होती. टेबल खरंच कुठे पोचलं, याची खबर परत येत असे आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होत असे. आपल्या हौशी यंत्रात ती खबर पैसे वाचवण्यासाठी गाळलेली आहे. स्टेपर मोटर इतकी शिस्तीची आहे, की बहुतेक वेळा ती लागतही नाही.

ही शिस्त कुठून येते, ते पाहण्यासारखं आहे. मोटरच्या आत फिरणाऱ्या भागावर, म्हणजे रोटरवर, ५० दाते असतात. आत चुंबक असतो आणि बाहेर तारांची दोन वेटोळी. वेटोळ्यांतला प्रवाह एका ठरावीक क्रमाने बदलला, की सर्वांत जवळचे दाते समोर ओढले जातात आणि रोटर १.८ अंश फिरतो. ही एक पायरी, आणि वर सांगितलेला ठोका म्हणजे तिचा सोळावा तुकडा. अशा चार पायऱ्या झाल्या, की प्रवाहाचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि रोटर बरोबर एक दात पुढे गेलेला असतो. ३६० भागिले ५० म्हणजे ७.२ अंश, आणि १.८ गुणिले ४ तेवढेच.

शाळेतलं लेझीम आठवा. एक, दोन, तीन, चार आणि पुन्हा एक. एखादा मुलगा थोडा मागे पडला, तर तो हात भरभर चालवून ताल गाठतो. पण दोन ठोक्यांहून जास्त मागे पडला, तर गाठायच्या भानगडीत पडत नाही. पुढचा ‘एक’ येऊ देतो आणि त्यात मिसळतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो तालातच दिसतो. त्याचं एक आवर्तन मात्र कायमचं कमी झालेलं असतं.

रोटर अगदी हेच करतो. दोन पायऱ्यांपेक्षा जास्त मागे राहिला, की त्याला पुढचा दात दूर आणि मागचा जवळ पडतो. तो मागच्याच्या ओढीत सापडतो आणि तिथून पुन्हा तालात चालू लागतो. म्हणून स्टेपर मोटर घसरते ती नेहमी चार पायऱ्यांच्या पटीत. माझ्या यंत्रावर चार पायऱ्या म्हणजे एका फेऱ्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ मिलिमीटर.

या आकड्याने माझं काम सोपं केलं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज (बारीकशी सरकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावला, त्याचा काटा बेडला टेकवून शून्यावर आणला. मग कटर लाकडापासून वर उचलून बेड १०० मिलिमीटर पुढे-मागे वीस वेळा पळवला आणि दर वेळी एकाच बाजूने सावकाश परत आणला. पहिल्या खेपेला काट्याचा फरक ०.०८. दुसऱ्या खेपेला ०.२४. मग शून्य. मग ०.१६. ०.०५ किंवा ०.१३ एकदाही नाही. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल असता, तर फरक वाट्टेल तो आला असता. नटमध्ये प्ले, म्हणजे आट्यांतला ढिलेपणा, असता, तर तो दिशा बदलताना दिसला असता. एका बाजूने परत येताना साचला नसता. पाढ्यात बसणारा फरक फक्त दात चुकण्याचाच असतो.

आणि हे सगळं हवेत, कटर लाकडाला न लागता. म्हणजे दोषी लाकूडही नाही. कोरायचा वेग कमी करून फायदा का झाला नाही, याचं उत्तर इथे मिळालं. एक अक्षर संपवून कटर वर उचलला जातो आणि पुढच्या अक्षराकडे उडी मारतो. ही उडी जी० या हुकमाने होते आणि जी० आपण ठरवलेला कोरायचा वेग पाळत नाही. ग्रबलमध्ये लिहिलेल्या कमाल वेगाने तो धावतो. माझ्याकडे तो मिनिटाला २००० मिलिमीटर होता. अक्षराच्या तळाकडून वर शिरोरेषेकडे उडी मारताना वाय अक्ष, म्हणजे अक्षरांच्या उंचीची दिशा, कमी पडत होता, म्हणून पुढचा शब्द खाली उतरत होता.

आता खरा प्रश्न. भार नसताना मोटर का दमते? तिला जागेवर उभी ठेवून बेड हाताने ढकलून पाहा, हलत नाही. मग पळताना काय होतं?

आता थोडं गणित येईल. दहावीत आपण विद्युत जनित्र शिकलो: चुंबक आणि वेटोळं एकमेकांसापेक्ष फिरले, की वीज निर्माण होते. मोटर फिरत असताना ती जनित्रही असते आणि तिने निर्माण केलेला विद्युत दाब (व्होल्टेज) आपण दिलेल्या दाबाच्या विरुद्ध असतो. माझी मोटर ०.४ न्यूटन-मीटर आणि १.५ अँपियरची. त्यावरून हिशोब केला, तर दर सेकंदाला एक रेडियन फिरताना तिचं एक वेटोळं सुमारे ०.१९ व्होल्ट निर्माण करतं. मिनिटाला १००० मिलिमीटर म्हणजे २५० फेरे, म्हणजे सुमारे ५ व्होल्टचा उलटा दाब. मिनिटाला २००० मिलिमीटर म्हणजे ५०० फेरे आणि १० व्होल्ट. माझा पॉवर सप्लाय होता १२ व्होल्टचा. प्रवाह ढकलायला उरले २!

त्यात वेटोळ्याचा स्वभावही आडवा येतो. ते प्रवाहाला एकदम वाढू देत नाही. माझ्या वेटोळ्याचं प्रेरकत्व ३ मिलिहेन्री आणि रोध २ ओहम, म्हणून प्रवाह चढायला मिलिसेकंदाच्या हिशोबात वेळ लागतो. ५०० फेऱ्यांना एका पायरीच्या वाट्याला येतात फक्त ०.६ मिलिसेकंद. मोटर थांबलेली असेल, तर १२ व्होल्ट एक अँपियरचा प्रवाह ०.२७ मिलिसेकंदात चढवतात. तेच १२ उलटा दाब वजा जाता २ उरले, की एक अँपियरपर्यंत पोचतच नाहीत. प्रवाह नाही तर चुंबकत्व नाही, ओढ नाही. ड्रायव्हरवरचा करंटचा स्क्रू पिळून काय होणार? तो फक्त कमाल मर्यादा ठरवतो, आणि प्रवाह मर्यादेपर्यंत पोचतच नव्हता. उलट थांबलेली मोटर जास्त तापली, तेवढंच.

हा उलटा दाब डोळ्यांनी पाहता येतो. सुटी स्टेपर मोटर घ्या, एका वेटोळ्याच्या दोन तारांना लाल एलईडी जोडा आणि दांडा चुटकी वाजवतो तसा बोटांनी जोरात फिरवा. एलईडी लुकलुकते. मग एलईडी काढून त्याच दोन तारा एकमेकींना चिकटवा आणि फिरवा. दांडा जड लागतो, जणू आत कोणी धरून ठेवलं आहे. मला ही जादू आजही पुन्हा पुन्हा करून पाहावीशी वाटते. (यंत्रात जोडलेल्या मोटरच्या तारा सप्लाय चालू असताना कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो.)

म्हणून पहिला उपाय २४ व्होल्टचा सप्लाय. तीन व्होल्टच्या मोटरला चोवीस देताना हात थबकतो, पण ड्रायव्हर प्रवाह मर्यादेला पोचला की तोडतो आणि परत जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. म्हणून मोटर जळत नाही. त्याच ५०० फेऱ्यांना आता २ व्होल्टांच्या जागी १४ व्होल्ट उरतात. माझा ए४९८८ ड्रायव्हर ३५ व्होल्टपर्यंत चालतो. तुमचा ड्रायव्हर आणि बोर्ड किती सोसतो, ते आधी तपासा.

दुसरा दोष मात्र माझ्या जोडणीचाच निघाला. सगळं बंद करून वाय अक्षाचा स्क्रू दोन बोटांनी सावकाश फिरवला. मधे मऊ चालतो, मागच्या टोकाला आल्यावर घट्ट. बेअरिंगचा ठोकळा जरा तिरका बसला होता. ॲलन की घेऊन त्याचे स्क्रू सैल केले, बेड त्याच टोकाला नेऊन ठेवला आणि तिथेच पुन्हा आवळले. आट्यांत अडकलेला सागवानाचा भुसा ब्रशने काढून तेल दिलं. ॲक्सिलरेशन कमी करा, असंही बरेच जण सांगतात. मोठ्या यंत्रात त्याला अर्थ आहे. माझा बेड तीन किलोचा आणि ॲक्सिलरेशन सेकंदवर्गाला २०० मिलिमीटर, म्हणजे लागणारा जोर जेमतेम ०.६ न्यूटन. तिथे वेळ घालवू नका.

जाहिरातींतला ‘०.००१२५ मिलिमीटर अचूकता’ हा दावा वाचून यंत्र घेणाऱ्यांसाठी एक सांगायलाच हवं. एक पायरी सोळा तुकड्यांत विभागली, की कागदावर तेवढं अंतर येतं. पण त्या एका तुकड्याला मोटरच्या पूर्ण जोराचा फक्त दहावा हिस्सा मिळतो. घर्षण त्याहून जास्त असेल, तर बेड हलतच नाही. तो आकडा हुकमाचा आहे, अचूकतेचा नाही.

एका ओळखीच्यांनी तर यंत्राला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. खंडेनवमीला मीही यंत्राला हळदकुंकू वाहतो, कारण ज्याच्यावर हात चालतो त्याच्याविषयी कृतज्ञता असावी. पण ०.०८च्या पाढ्यात येणारी चूक नजर लागून होत नाही, आणि लिंबाने घट्ट बेअरिंग सैल होत नाही. घरात लहान मुलं हे सगळं पाहत असतात. त्यांच्या हातात डायल गेज द्यावा.

नवा सप्लाय लावल्यावर उडीचा वेग, म्हणजे ग्रबलमधला $१११ हा वाय अक्षाच्या कमाल वेगाचा आकडा, मी १५०० वर ठेवला. वीस खेपांनंतर काटा शून्यावर. शंभर खेपांनंतरही शून्यावर. मग नवी फळी लावली आणि ‘प्रसन्न’ सुरू होईपर्यंत यंत्राशेजारून हललो नाही. पट्टी लावून पाहिली, तिन्ही शिरोरेषा एका ओळीत आहेत. ‘ण’च्या गोलाईत मात्र दिशा बदलते तिथे अगदी बारीक चपटेपणा दिसतो. तो नटमधला प्ले आहे, गेजवर ०.०६ भरला. स्प्रिंगचा नट आणला आहे, रविवारी बसवणार आहे.