तिशीनंतर हिशेबाच्या कामाकडे वळताना : प्रवेश घेण्याआधी हे वाचा

आमच्या टॅली (संगणकावर हिशेब ठेवण्याचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीच्या वर्गात चौकशीला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक तिशी ओलांडलेले असतात. पहिला प्रश्न ठरलेला : "वय बत्तीस झालं, आता शिकून उपयोग होईल का?"

होईल. इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्याला, सायझिंगला (सुताला खळ देणाऱ्या कारखान्याला) किंवा कापडाच्या पेढीला दिवाणजी हवा असतो तो बिलं वेळेवर चढवणारा आणि मालकाचा हिशेब बाहेर न बोलणारा. त्यात वय आड येत नाही. उलट ज्यानं जॉबर (मागांची देखभाल करणारा) म्हणून किंवा मेंडिंग खात्यात (कापडातले दोष दुरुस्त करतात तिथे) काही वर्षं काढली आहेत, त्याला बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ), मीटर, पिकावरची म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवरची मजुरी, उधारीची रीत हे सगळं आधीच ठाऊक असतं. नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलाला तेच समजायला बराच वेळ लागतो. पदवी नसेल तर तीही पुढे घेता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी करत बी.कॉम. करता येतं.

आताची नोकरी सोडून येऊ नका. घरभाडं, मुलांची फी, हप्ते चालू असताना राजीनामा दिला की दुसऱ्या महिन्यातच घाई सुटते. शिवाय नव्या कामाचा सुरुवातीचा पगार आताच्यापेक्षा कमी असू शकतो, ते घरी आधी बोलून घ्या. आमच्या बॅचेस सकाळी आणि रात्री आहेत त्या यासाठीच. पाळी बदलली तर बॅच बदलून मिळते, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे पहिला महिना संगणक सुरू होत नाही. वही, पेन, रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (त्याच नोंदी खात्याखात्यानुसार), तेरीज (सगळ्या खात्यांची नावे-जमा जुळवणी). यावर जवळजवळ प्रत्येकजण नाराज होतो. "मला फक्त टॅली शिकवा, हे शाळेतलं कशाला?" असं म्हणून काहीजण पहिल्या महिन्याला दांड्या मारतात आणि थेट संगणकाच्या दिवशी हजर होतात. सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो, त्यांचाही आणि बॅचमधल्या इतरांचाही.

कारण समजून घ्या. टॅलीत नावे आणि जमा सारखे नसतील तर नोंद पुढे जातच नाही. म्हणजे तेरीज नेहमी जुळलेलीच दिसते. ती जुळली म्हणून नोंद बरोबर आहे, असं मात्र अजिबात नाही. मागांसाठी काढलेल्या कर्जाचा २०,००० रुपयांचा हप्ता गेला, त्यात ८,००० व्याज आणि १२,००० मुद्दल. वही न लिहिलेला माणूस अख्खे २०,००० खर्चात टाकतो. तेरीज जुळते, पण नफा १२,०००नं कमी दिसतो आणि कर्ज आहे तेवढंच राहतं. मालकाच्या घरचं लाइटबिल उचल खात्याऐवजी धंद्याच्या खर्चात गेलं, नवा माग खरेदीत गेला, पार्टीकडून आलेली आगाऊ रक्कम विक्रीत गेली, तरी पडद्यावर लाल रेघ येत नाही. वर्षअखेरीला सीए विचारतात तेव्हा सगळं उसवावं लागतं. आणि तिशीत नव्या कामावर लागलेल्या माणसावर मालकाचा पहिल्याच वर्षी विश्वास उडाला, तर पुन्हा उभं राहणं फार जड जातं. म्हणून आम्ही हट्ट धरतो.

जीएसटीचंही तसंच. परराज्यातून, म्हणजे कोइम्बतूरहून आलेल्या सुतावर आयजीएसटी, आपल्याच राज्यातल्या कोल्हापूरहून आलेल्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, हे पाठ होतं. पण पुरवठादारानं ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरलं नाही, तर १४ तारखेच्या २बी मध्ये (आपल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत) ते बिल दिसत नाही आणि २० तारखेच्या ३बी मध्ये (कर भरण्याच्या विवरणपत्रात) त्यावर दिलेल्या कराची वजावट घेता येत नाही. अशा वेळी कोणत्या पार्टीला फोन करायचा, हे खतावणी वाचता येणाऱ्यालाच कळतं. दरमहा विवरणपत्रं भरणाऱ्या पेढीत हेच काम दर महिन्याला असतं.

वहीचा हा पहिला महिना म्हणजे फी वाढवायचा डाव असेल, अशी शंका येते, म्हणून स्पष्ट सांगतो : त्या महिन्याची फी वेगळी आणि कमी आहे. तो झाल्यावर हे काम आपलं नाही असं वाटलं तर थांबा, पुढचं काही देणं लागत नाही. ज्यांनी कॉमर्स केलंय त्यांनी आमची लेखी चाचणी द्यावी. उत्तीर्ण झाल्यास थेट दुसऱ्या महिन्यात बसवतो.

घरी संगणक असेल तर टॅलीप्राइमच्या मोफत शैक्षणिक आवृत्तीवर सराव करा. त्यात फक्त १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात, सरावाला तेवढं पुरतं. संगणक नसेल तर आमचे संगणक दुपारी रिकामे असतात, येऊन बसा.

नोकरीची हमी आम्ही देत नाही, तशी पाटीही लावत नाही. ओळखीच्या पेढ्यांना माणूस हवा असला की ते आम्हाला विचारतात आणि वही पूर्ण केलेल्यांचीच नावं आम्ही देतो.

प्रवेशासाठी आधार कार्डाची प्रत, असेल ती शेवटची गुणपत्रिका आणि दोनशे पानी आखीव वही आणावी. रविवारी सकाळी पहिल्या महिन्याच्या बॅचमध्ये एक तास विनामूल्य बसता येतं. येताना घरचं एखादं जुनं खरेदी-बिल सोबत आणा, त्याच बिलाची नोंद तुमच्याकडून करून घेऊ.