साडेसहाची व्हॅन

जानेवारीतली सकाळ, सहा वाजून पंचवीस मिनिटं. नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत रस्त्यावरचे दिवे अजून जळताहेत. व्हॅनवाल्या काकांनी दोनदा हॉर्न वाजवलाय, तिसऱ्यांदा वाजवणार तेवढ्यात माझा भाचा फाटकातून बाहेर येतो. नववीत आहे. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, एक मोजा पायात आणि एक हातात. व्हॅनमध्ये चढतो, काचेला कपाळ टेकवतो आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत झोपलेला असतो. त्याच्या मागच्या सीटवर सहावीतल्या दोन मुली खिडकीच्या जागेवरून कचाकचा भांडत असतात.

काकांना एकदा विचारलं, हे रोजचंच का? ते म्हणाले, "पाचवी-सहावीचे पोट्टे रस्ताभर डोकं खातात ताई. आठवीच्या पुढचे सारे डुलतात. मोठे झाले की आळशी होतात, दुसरं काय!"

काकांचं निरीक्षण शंभर नंबरी आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला.

झोप कधी येणार हे आपल्या शरीरात दोन यंत्रणा मिळून ठरवतात. अलेक्झांडर बोरबेली या झुरिकच्या शास्त्रज्ञाने १९८२ साली ही मांडणी केली आणि झोपेचा अभ्यास आजही तिच्याच आधाराने चालतो. पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. जागे असताना मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात, त्यातून अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते जितकं साठेल तितके डोळे जड होतात. झोपलो की त्याचा निचरा होतो. (चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनची जागा अडवून बसतं. साठा कमी होत नाही, फक्त जाणवत नाही.) दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, साधारण २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. उजेड किती आणि कधी पडला ते डोळ्यांकडून कळवून घेऊन तो शरीराचा दिवस आखतो. संध्याकाळ सरली की त्याच्या इशाऱ्यावरून पिनियल ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडते. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे. 'रात्र झाली' अशी ती शरीरभर फिरलेली दवंडी आहे.

मूल वयात येताना या दोन्ही यंत्रणा सरकतात, आणि दोन्ही उशिराच्या बाजूला. मेलाटोनिनची दवंडी लहान मुलांपेक्षा तासभर, कधी दोन तासही उशिरा फिरते. शिवाय झोपेचा दाब सावकाश चढू लागतो. दहा वर्षांचं मूल रात्री नऊला जेवणाच्या ताटावर पेंगतं. तेच मूल पंधराव्या वर्षी साडेदहाला टक्क जागं असतं. त्याने ठरवून जागरण केलेलं नसतं. त्याच्या शरीरात रात्र अजून झालेलीच नसते.

"मोबाइल काढून घ्या, नऊला झोपतील," हे आमच्या सोसायटीतलं ठरलेलं उत्तर. मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. झोपायच्या वेळी डोळ्यांवर पडणारा उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतोच, आणि त्यावर जे चाललेलं असतं ते उजेडापेक्षाही जास्त जागं ठेवतं. पण अमेरिकेतल्या झोपेच्या संशोधक मेरी कार्सकाडन यांनी वयात येणं आणि उशिराची झोप यांचा संबंध दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला तो १९९३ साली, तेव्हा मुलांच्या हातात कसला आलाय मोबाइल! पुढे उंदरांमध्ये आणि इतर काही सस्तन प्राण्यांमध्येही वयात येताना हीच सरक दिसली. उंदीर रील बघत नाहीत.

कार्सकाडन यांचं त्याआधीचं काम मला जास्त आवडतं. १९७६ पासून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात दर उन्हाळ्यात मुलांचं झोपेचं शिबिर भरवलं. तीच मुलं वर्षामागून वर्ष यायची आणि त्यांना अंथरुणात दहा तास मोकळे मिळायचे. वय वाढलं की झोपेची गरज घटत जाईल, अशी तेव्हाची अपेक्षा. तसं झालं नाही. मोठी झालेली मुलंही नऊ तासांच्या वरच झोपत राहिली, आणि तेवढं झोपूनही दुपारी पूर्वीपेक्षा जास्त पेंगू लागली. आज १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सांगितली जाते.

आता आमच्या घरचा हिशेब. भाच्याला झोप लागते साडेअकराला. मी दोन आठवडे मोजून पाहिलंय, त्यात मोबाइल हॉलमध्ये ठेवलेल्या रात्रीही आल्या. उठवतात साडेपाचला. झाले सहा तास. नऊ धरले तर रोजची तूट तीन तासांची. आणि ही तूट सगळ्या झोपेतून सारखी कापली जात नाही. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो. डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात ती रेम झोप, जिच्यात जास्त स्वप्नं पडतात आणि जिचा भावनांच्या नियमनाशी संबंध आहे, ती पहाटेच्या बाजूला दाटलेली असते. म्हणजे साडेपाचचा गजर नेमकी तीच कापतो. नववीतला मुलगा सकाळी पोह्यात शेंगदाणे का टाकले यावरून आईवर खेकसतो, त्याचं सगळं खापर रेम झोपेवर फोडता येणार नाही. थोडं मात्र नक्की येईल.

"सवय होते हो!" माझी आई म्हणते. ती स्वतः चारला उठते आणि ते खरंच आहे. पण माणसाचं घड्याळ विशीच्या सुमारास सगळ्यात उशिराचं असतं आणि तिथून उतारवयापर्यंत हळूहळू लवकरच्या बाजूला परतत जातं. शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे दाखवलं तेव्हा किशोरवय संपल्याची ही जैविक खूण मानावी असंच सुचवलं होतं. आजीचं चारला उठणं आणि नातवाचं न उठणं, दोन्ही आपापल्या घड्याळाशी इमान राखून आहेत. आणि सवयीचं म्हणाल तर अमेरिकेत २००३ साली झालेला प्रयोग जरा भीतिदायक आहे. प्रौढ माणसांना सलग १४ दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. त्यांना स्वतःला मात्र पहिल्या काही दिवसांनंतर आपण आणखी बिघडतोय असं फारसं वाटतच नव्हतं. आपण ज्याला सवय झाली म्हणतो ती ही!

रविवारी भाचा बारा ते दहा झोपतो. शाळेच्या दिवशी त्याच्या झोपेचा मध्य येतो अडीचला, रविवारी पाचला. अंतर अडीच तासांचं. नागपूर आणि दोहा यांच्या घड्याळांत अडीच तासांचाच फरक आहे. म्हणजे पोरगा दर शनिवारी रात्री विमानात न बसता दोह्याला जातो आणि सोमवारी पहाटे परततो. शास्त्रज्ञ याला 'सोशल जेटलॅग' म्हणतात. आमच्या घरी याला 'सोमवारचं तोंड' म्हणतात.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेण्यासारखी नाही. अकरावी-बारावीची मुलं सकाळी साडेपाचला उठून कॉलेज, मग नीट-जेईईचे क्लास करून रात्री साडेदहाला गाडीवरून घरी परततात. जागे राहून झाले सतरा तास. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखं होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली मोजलं. आपल्या कायद्यात गाडी चालवण्यासाठी मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. लक्ष्मीनगर चौकात रात्री पोलीस तोंडाचा वास घेतात, डोळ्यांतली झोप कोण तपासणार? अमेरिकेत केंटकीमधल्या एका काउंटीने शाळा तासभर पुढे नेली, तर तिथल्या किशोरवयीन चालकांच्या अपघातांचं प्रमाण १६.५ टक्क्यांनी उतरलं.

तिकडे हा प्रयोग जुना आहे. मिनेसोटातल्या इडायना गावाने १९९६ मध्येच हायस्कूलची सकाळी सव्वासातच्या पुढची घंटा साडेआठवर नेली. सिॲटल शहराने २०१६ मध्ये ७:५० ची शाळा ८:४५ ला केली. शाळा उशिरा केली तर पोरं आणखी उशिरा झोपतील, ही शंका तिथेही होतीच. संशोधकांनी मुलांच्या मनगटाला हालचाल मोजणारे पट्टे बांधले. मुलं पूर्वीच्याच वेळी झोपत होती, उठत मात्र उशिरा होती, आणि रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आत भरवायचं नाही असा कायदाच आहे, ग्रामीण भागातल्या काही शाळा वगळून.

आपल्याकडे महाराष्ट्रात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला: पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं झालं, चिमुकल्यांची कुडकुडती सकाळ वाचली. पण वर जे सांगितलं त्यानंतर हा आदेश वाचला की कपाळावर हात जातो. सहा-सात वर्षांची पोरं तशीही लवकर झोपून लवकर उठू शकतात. ज्यांच्या शरीराला ते जमत नाही ती आठवी ते बारावीची मुलं आदेशात नाहीतच. ज्या शाळांत एकाच इमारतीत दोन पाळ्या चालतात, तिथे लहानांना सकाळच्या पाळीतून उठवलं तर ती पाळी कोणाच्या वाट्याला जाईल, हे सांगायला गणितज्ञ नको.

नागपुरात आणखी एक गंमत आहे. देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माइलचा आपल्याला अभिमान, पण देशाच्या घड्याळाची रेषा जाते मिर्झापूरजवळून, ८२.५ अंश रेखांशावरून. आपण ७९ अंशांवर. त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने नागपूर घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटं मागे आहे. जानेवारीत सूर्य उगवतो ६:५० च्या पुढेमागे, जूनच्या सुरुवातीला साडेपाचला. सातची शाळा गाठणारं पोर डिसेंबर-जानेवारीत अंधारात उठतं, अंधारात न्हातं, आणि घड्याळ पुढे ओढणारा सकाळचा उजेड त्याला मिळतो तो वर्गाच्या खिडकीतून, तुकड्यातुकड्याने.

"आणि एप्रिलात काय बारा वाजता शाळा भरवायची का?" एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं. बरोबर आहे. ४३ अंशांच्या दुपारी पोरांना रस्त्यावर सोडणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, तिथे सकाळच्या शाळेला इलाज नाही. पण तेवढ्यासाठी त्या महिन्यात झोपेचं काय होतं तेही बघा. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान साधारण एक अंशाने उतरावं लागतं. दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असते, कूलरची टाकी एकला कोरडी पडते, आणि सात वाजता घंटा! या दीड-दोन महिन्यांपुरता तोडगा एकच दिसतो, दुपारी घरी येऊन तासभर झोप. ट्युशनवाले ती घेऊ देतील तर.

राहिले बाकीचे महिने. उन्हासाठी विदर्भातल्या शाळा दर वर्षी वेळ बदलतातच. सुट्ट्यांनंतर उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात, मार्च-एप्रिलात सकाळच्या होतात. त्यासाठी व्हॅनवाले, शिपाई, आईबाप सगळे जुळवून घेतात, कोणी मोर्चा काढत नाही. जुलै ते फेब्रुवारी आठवीच्या वरचे वर्ग साडेआठला भरवणं याहून अवघड नसावं. पाळ्यांचा आणि नोकरदार आईबापांचा प्रश्न खरा आहे. त्याहून मोठी भीती मला वेगळीच वाटते. शाळा साडेआठला गेली की पहाटे सहाची ट्युशनची बॅच दुसऱ्याच दिवशी सुरू होईल, आणि आपणच रांगेत उभे राहून फी भरू.

दिवाळीत भाच्याला काटोलला आजोळी नेलं होतं. संत्र्याची बाग, शेतातलं घर, नेटवर्क गच्चीच्या एका कोपऱ्यात तेवढं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत काही माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं होतं, विजेचा दिवा नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. त्यांची घड्याळं जवळजवळ दोन तासांनी लवकरच्या बाजूला आली. ते डोक्यात ठेवून मीही वहीत नोंदी केल्या. पहिल्या दोन रात्री बारा. तिसऱ्या रात्री सव्वाअकरा. मग दिवसभर बागेत फिरणं सुरू झालं तसे साडेदहा, आणि सहाव्या रात्री दहाला गडी आडवा.

सातव्या दिवशी त्याला कोणी उठवलं नाही. तो आपला आपण उठला, चुलीपाशी येऊन बसला आणि काही न कुरकुरता आजीच्या हातचा चहा प्यायला. मी घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळेत या वेळी प्रार्थना संपून पहिला तास सुरू झालेला असतो.